इंधनदर्शक आणि उर्वरित अंतराचा अंदाज

वाहनाच्या टाकीत किती इंधन उरले आहे ते चालकाला दाखवणारे साधन म्हणजे इंधनदर्शक, रोजच्या बोलण्यातला ‘पेट्रोलचा काटा’. त्या इंधनावर गाडी अजून किती किलोमीटर जाईल, याचा गाडीतील संगणकाने मांडलेला आकडा म्हणजे उर्वरित अंतर. काटा प्रत्यक्षात टाकीतल्या एका ठिकाणची इंधनाची उंची मोजतो. लिटर हे त्या उंचीवरून काढलेले असतात आणि किलोमीटर त्या लिटरांवरून. त्यामुळे पहिल्या पायरीवरची चूक दुसरीवरही पोहोचते.

इतिहास : आरंभीच्या मोटारींना काटा नव्हता. फोर्डच्या मॉडेल टी (१९०८–२७) गाडीची सुमारे ३८ लिटरची टाकी बहुधा पुढच्या आसनाखाली असे. आसन उचलून खुणा केलेली लाकडी पट्टी टाकीत बुडवायची आणि ती कुठवर ओली झाली ते पाहायचे. तिच्यानंतरच्या मॉडेल ए मध्ये टाकी चालकासमोरच्या फळीमागे आली आणि कॉर्कच्या तरंगाला जोडलेले आकडे थेट समोर दिसू लागले. टाकी गाडीच्या मागच्या बाजूला गेल्यावर माप पुढे आणायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. १९३० च्या सुमाराच्या काही अमेरिकी गाड्यांत टाकीच्या तळाशी असलेला इंधनाचा दाब हवेच्या बारीक नळीने पुढे आणून रंगीत द्रवाची उंची वाचली जाई. या नळीतून हवा गळू लागली की माप चुके. विद्युत दर्शक प्रथम कोणी बसवला याबद्दल वेगवेगळे दावे आढळतात. पेटंटचे वर्ष आणि साधन प्रत्यक्ष गाडीत येण्याचे वर्ष यांत बरेचदा अंतर असते. म्हणून १९३० च्या दशकात तो रुळला, एवढे म्हणणे अधिक सुरक्षित. फोक्सवॅगन बीटल मात्र १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत काट्याशिवाय धावत होती. तिला राखीव इंधनाची तोटी होती.

रचना : टाकीत तरंगणारा फ्लोट एका दांडीने रोधपट्टीवरच्या सरकत्या स्पर्शकाला जोडलेला असतो. फ्लोट वर-खाली झाला की रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो आणि त्यानुसार काटा सरकतो. या जोडणीला गॅरेजमध्ये ‘टँक युनिट’ किंवा नुसते ‘फ्लोट’ म्हणतात. युरोपीय पद्धतीच्या बऱ्याच युनिटांचा रोध रिकाम्या टाकीला सुमारे १० ओहम व भरलेल्या टाकीला १८० ओहम असतो. अमेरिकी पद्धतीच्या एका प्रचलित प्रकारात तो उलट, रिकाम्याला २४० व भरलेल्याला ३३ ओहम असतो. हा फरक दुरुस्तीत फार महत्त्वाचा आहे. अर्थिंगच्या जोडाला गंज चढून ५ ओहमचा जादा रोध आला, तर दुसऱ्या प्रकारात काटा इंधन कमी दाखवेल, पण पहिल्या प्रकारात जास्त दाखवेल. १७० ओहमच्या पल्ल्यात ५ ओहम म्हणजे सुमारे ३ टक्के. ४५ लिटरच्या टाकीत ही चूक १.३ लिटरची होते, आणि ती चालकाला रस्त्यात अडकवणाऱ्या दिशेची असते.

जुन्या द्विधातू पट्टीच्या (दोन धातूंच्या, तापल्यावर वाकणाऱ्या पट्टीच्या) काट्यांमध्ये पट्टी तापायला वेळ लागत असल्याने काटा आपोआपच मंद चाले. आजच्या गाड्यांत तोच मंदपणा संगणक मुद्दाम आणतो, नाहीतर प्रत्येक वळणावर व ब्रेकवर काटा नाचेल. याच कारणाने इग्निशन चालू ठेवून पेट्रोल भरले, तर काही गाड्यांत काटा लगेच न उठता हळूहळू वर सरकतो.

टाकीचा आकार व उतार : मागचे आसन, धुरांडे आणि अक्ष यांतून वाट काढत बसवलेली टाकी क्वचितच सरळ पेटीसारखी असते. भरलेल्या टाकीत फ्लोट वरच्या टोकाला टेकलेला राहतो आणि त्याच्याही वर इंधन असते. पहिले काही किलोमीटर काटा हलत नाही, तो यामुळे. गाडीच्या तळाच्या मधोमध असलेल्या लांबट उंचवट्याच्या (‘बोगद्या’च्या) दोन्ही बाजूंना पसरलेल्या टाकीत दोन फ्लोट लागतात; त्यातला एक अडकला की काटा अर्ध्यावर येऊन थांबतो.

उताराचा परिणाम साध्या गणिताने कळतो. फ्लोट टाकीच्या मध्यापासून २० सेंमी. दूर असेल, तर ५ टक्के चढावर तिथली पातळी १ सेंमी.ने बदलते. २० सेंमी. खोलीच्या ४५ लिटर टाकीत १ सेंमी. म्हणजे सव्वादोन लिटर. घाटात काटा वर-खाली होतो त्याचे मुख्य कारण हेच. उष्णतेचा परिणाम त्यामानाने लहान आहे : पेट्रोल दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.१ टक्का प्रसरण पावते.

‘रिकामी’ची खूण : काटा तळाला टेकल्यावरही टाकीत काही लिटर का उरतात, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक, फ्लोट तळापर्यंत पोहोचूच शकत नाही. दोन, चालकाने वेळेत पेट्रोल पंप गाठावा आणि टाकीतला विद्युत पंप कोरडा पडू नये म्हणून उत्पादक शून्य मुद्दाम वर ठेवतात. हा पंप इंधनानेच थंड राहतो, आणि तळाशी थोडेच इंधन असताना लांब वळणावर तो हवा ओढू शकतो. संगणकीय काट्यात शून्य कुठेही ठेवता येते, हे पाहता दुसरे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. जुन्या यांत्रिक काट्यांना पहिलेही लागू पडते. मात्र या उरलेल्या लिटरांवर प्रवास आखू नये. त्यांचे प्रमाण प्रत्येक मॉडेलला वेगळे असते.

उर्वरित अंतर : इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून संगणक खर्च झालेले इंधन मोजतो, मागच्या काही किलोमीटरांची सरासरी काढतो आणि उरलेल्या लिटरांना तिने गुणतो. म्हणजे पुढचा रस्ता मागच्यासारखाच असेल, हे त्यात गृहीत असते. खोपोली सुमारे ६० मी. व लोणावळा सुमारे ६२० मी. उंचीवर आहे. माणसांसह १,२०० किग्रॅ. भरणाऱ्या गाडीला ही चढण सुमारे पाऊण लिटर जादा पेट्रोल घेते. पायथ्याशी १० लिटर पेट्रोल व लिटरला १८ किमी. अशी सरासरी असताना पडद्यावर १८० किमी. दिसतील. सरासरी मागच्या ४५ किमी.ची धरली, तर १५ किमी.चा घाट चढून गेल्यावर ११५ च्या आसपास दिसतील. पुढे पुण्यापर्यंत मोठी चढण नाही आणि उरलेले ८.४ लिटर १५० किमी.ला पुरतात. उलट दिशेने येताना उतारावर आकडा फुगतो, आणि धोका आहे तो त्याच आकड्यात.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये दर लिटरला ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ६–७ टक्के, तर १० टक्के मिश्रणासाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांसाठी १–२ टक्के घट अंदाजिली होती. फ्लोटच्या काट्याला याने जवळजवळ फरक पडत नाही. उर्वरित अंतर मात्र नवी सरासरी बसेपर्यंत जास्त दिसते.

बिघाड व तपासणी : रोधपट्टी सर्वांत जास्त झिजते ती जिथे काटा बहुतेक वेळ असतो त्या भागात. त्या टप्प्यात काटा अचानक पडतो व पुढे पुन्हा ठीक चालतो. पत्र्याच्या फ्लोटला बारीक छिद्र पडले की तो बुडतो आणि भरलेली टाकीही रिकामी दिसते. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा व लुइझियाना भागांत गंधकयुक्त पेट्रोलमुळे चांदीचे स्पर्शक खराब होऊन अनेक गाड्यांचे काटे निकामी झाले होते. युनिट बाहेर काढल्यावर ओहममीटर लावून दांडी सावकाश वरखाली फिरवावी. रोध अखंड बदलला पाहिजे, मध्ये उडी दिसली तर पट्टी गेली. संगणकाला जोडलेली तार ‘काटा उठतो का’ पाहण्यासाठी थेट बॉडीला टेकवू नये; योग्य मूल्याचा रोधक जोडावा. युनिट काढण्याचे व मोजण्याचे काम उघड्या हवेत, बॅटरी सोडवून आणि युनिट बाहेर नेऊनच करावे.

आपल्या गाडीचा काटा पारखायचा तर सपाट जागी पंपाच्या पहिल्या कटपर्यंत (पंपाची नळी प्रथम आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरावी, इशारादिवा लागेपर्यंत गाडी चालवावी, त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरावे, आणि भरलेले लिटर पुस्तिकेतल्या क्षमतेतून वजा करावेत. असे तीनदा केले की राखीव किती ते कळते. पुस्तिकेतली क्षमता नळीचा भाग व वाफेची जागा सोडून दिलेली असते. त्यामुळे ४२ लिटरच्या टाकीत ४४ लिटर ‘मावले’ म्हणजे पंपाने फसवलेच असे नाही. शंका असल्यास पंपावरच ५ लिटरचे प्रमाणित माप भरून दाखवण्यास सांगावे. त्यात २५ मिली.पर्यंतचा फरक मान्य असतो.

दुचाकी : कार्बोरेटरच्या मोटारसायकलींत पेट्रोल कॉकला टाकीच्या आत दोन तोंडे असतात. ‘ऑन’ला उंच नळीतून व ‘रिझर्व्ह’ला तळाजवळून पेट्रोल येते. नळीची उंची ठरलेली असल्याने हा इशारा बहुतेक काट्यांपेक्षा खात्रीचा आहे; फक्त पेट्रोल भरल्यावर कॉक परत ‘ऑन’ला न्यायला हवा. पेट्रोल संपल्यावर स्कूटर एका बाजूला कलती करण्याची सवय कोपऱ्यात उरलेले पेट्रोल तोंडाकडे आणण्यासाठी होती.

सीएनजी व विद्युत वाहने : सीएनजीचे दिवे टाकीतला दाब दाखवतात. २०० बार दाबाने झपाट्याने भरलेला वायू गरम असतो. तो निवला की दाब उतरतो आणि वायू खर्च न होताच एक दिवा विझतो. विद्युत वाहनांपैकी लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) मधल्या पल्ल्यात जवळजवळ बदलत नाही, म्हणून संगणक आत-बाहेर गेलेल्या विद्युतभाराची बेरीज-वजाबाकी करतो. ती चूक साचत जाते. अधूनमधून १०० टक्के चार्ज केल्यावर हिशेब पुन्हा जुळतो.