चांदणी चौकातला जुना पूल ‘स्फोटालाही पुरून उरला’ का?

‘सहाशे किलो स्फोटकं लावली, तरी जुना पूल पडला नाही, म्हणजे नवं बांधकाम कच्चंच!’ 2 ऑक्टोबर 2022च्या मध्यरात्रीपासून पुण्यात हे वाक्य फिरतंय. मला ते खटकतं, कारण त्यामुळे नव्या पुलांबद्दल विनाकारण भीती बसते.

त्या रात्री एक वाजता पुण्यातल्या चांदणी चौकातला जुना पूल पाडण्यासाठी स्फोट केला गेला. धूळ बसल्यावर पूल पूर्ण कोसळलेला दिसला नाही, हे खरं. पण स्फोट काँक्रीट फोडतो, पोलादी सळई तुटत नाही, ती वाकते. तिथे सळई अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. काँक्रीटचा चुरा झाला होता, उरलेला सांगाडा सळयांच्या जाळीत अडकून लोंबकळत होता. पोकलेननी तो ओढून काढला आणि त्याच सकाळी महामार्ग सुरू झाला. अशा पुलावरून सायकलही नेता आली नसती!

आणि तो पाडला कशासाठी? कमकुवत होता म्हणून नव्हे. मुंबई-बेंगळुरू महामार्ग रुंद करायचा होता आणि पुलाखालची जागा अपुरी पडत होती. नवा पूल 12 ऑगस्ट 2023ला खुला झाला. जास्त सळई म्हणजे जास्त मजबूत, असंही सरसकट नसतं. किती भार, किती लांबीचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर), यावर सळईचं प्रमाण ठरतं.