बसथांब्याचा 'रेफ': एका चौकटीत कोंबलेले क्रमांक

ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा २००४ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला बसथांबा म्हणजे रस्त्याकडेचा एक बिंदू, 'हायवे=बस_स्टॉप' हा टॅग (म्हणजे वस्तूला लावलेली माहितीची खूण) आणि माहीत असेल तर नाव, एवढंच. खांबावर क्रमांक असला तर तो 'रेफ' या संदर्भ क्रमांकाच्या टॅगमध्ये भरायचा. एका थांब्याला एकच क्रमांक असणार, हे त्यात गृहीत होतं. थांब्यांच्या क्रमांकांच्या घोळाचं मूळ तिथेच आहे.

२००९ मध्ये ब्रिटनच्या सरकारी नॅप्टॅन यादीतले थांबे नकाशात यायला लागले आणि एकाच खांबाला तीन तीन ओळखी निघाल्या. एक, संगणकांसाठीचा, जास्तीत जास्त बारा अक्षरांचा ॲटको कोड; लंडनचे ४९० पासून सुरू होतात. दुसरी, एसएमएसवर बसची वेळ विचारता यावी म्हणून दिलेला आखूड नॅप्टॅन कोड. तिसरी, एकाच नावाचे शेजारशेजारचे थांबे ओळखू यावेत म्हणून खांबावर लावलेलं अक्षर. दोन्ही कोडना 'नॅप्टॅन:' उपसर्गाचे टॅग मिळाले. अक्षरासाठी पुढे 'लोकल_रेफ' रुळलं. शिवाय आयात थांब्यांवर 'नॅप्टॅन:व्हेरिफाइड=नो' असायचं. कुणीतरी जागेवर जाऊन खांब पाहिला, की ते काढायचं. ही शिस्त फार मोलाची होती.

गूगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडची वाहतूक संस्था ट्रायमेट यांच्या २००५ मधल्या कामातून आलेल्या जीटीएफएसने, म्हणजे वेळापत्रकं देण्याच्या ठरावीक फाइल-नमुन्याने, हाच भेद सगळीकडे नेला. त्यात 'स्टॉप_कोड' प्रवाशाला दिसणारा, तर 'स्टॉप_आयडी' फाइलच्या आतला. आतला क्रमांक पुढच्या आवृत्तीत बदलू शकतो, म्हणून तो 'रेफ'मध्ये घालू नये. त्यासाठी 'जीटीएफएस:स्टॉप_आयडी' आहे.

जर्मनीतल्या 'रेफ:आयएफओपीटी'ची, म्हणजे थांब्यांच्या प्रमाणित कोडसाठीच्या टॅगची, चूक वेगळी. पूर्ण कोडचे पाच भाग असतात: देश, जिल्हा, थांबा, विभाग, खांब. पहिले तीनच भाग लिहिले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खांबांना एकच ओळख मिळते. तीन भागांचा कोड 'स्टॉप_एरिया' रिलेशनवर, म्हणजे एका थांब्याचे सगळे खांब एकत्र बांधणाऱ्या नोंदीवर, शोभतो.

ओपनस्ट्रीटमॅपच्या २०११ च्या सार्वजनिक वाहतूक टॅग-आराखड्याने 'प्लॅटफॉर्म' आणि 'स्टॉप_पोझिशन' (बस रस्त्यावर थांबते ती जागा) वेगळे केले. मग तोच कोड दोन्हीकडे चिकटवला गेला, आणि मोजणीत एका थांब्याचे दोन झाले. प्रवासी उभा राहतो त्या जागेवर, म्हणजे प्लॅटफॉर्मवर कोड ठेवला की भागतं.

बाकीच्या चुका साध्या, पण चिवट. बसमार्गांचे क्रमांक 'रेफ'मध्ये भरतात. त्यांची जागा 'रूट_रेफ'. आणि यादी स्प्रेडशीटमधून फिरवली की '००४५'चा '४५' होतो, जुळणी तुटते. तो स्तंभ उघडतानाच मजकूर म्हणून घ्यावा; एकदा फाइल सेव्ह झाली की गेलेली शून्यं परत येत नाहीत.