वसईची चर्च : किल्ल्यातली आणि गावातली

जुन्या गोव्यातल्या बॉम जेजू चर्चच्या दर्शनी भागावरचा काळा कोरीव दगड वसईचा आहे. गोव्यात जांभा मुबलक, पण त्यात बारीक नक्षी उतरत नाही. म्हणून उत्तर कोकणातून बसाल्ट मागवला गेला. ज्या वसईने गोव्याला दगड पुरवला, तिच्या किल्ल्यातली चर्च मात्र आज छपराविना उभी आहेत.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्यावर हुमायूनचे संकट चालून येत होते. त्या अडचणीत त्याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना देऊन टाकला. पुढे वसई पोर्तुगिजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली. तटाच्या आत फिरंगी सरदार-दरकदारांचे वाडे आणि त्यांच्यामध्ये एकेका ख्रिस्ती धर्मसंघाचे चर्च व मठ उभे राहिले : फ्रान्सिस्कन, जेजुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन. सेंट जोसेफचे मुख्य चर्च सोळाव्या शतकाच्या मध्याचे, १६०१ मध्ये ते नव्याने वाढवले. त्याचा घंटामनोरा अजून दुरूनही नजरेत भरतो. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत; पोर्तुगीज अक्षरे आणि कुलचिन्हे कोरलेल्या या शिळांवर पाय पडू नये म्हणून मी नेहमी कडेकडेने चालतो.

या भिंतींशी जोडलेले सर्वांत मोठे नाव गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेजुइटांकडे शिकलेला हा वसईकर जपानला गेला, व्यापारात रमला, मनिलामध्ये फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला. १८६२ मध्ये रोमने त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

याच काळाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. या राजवटीत देवळे पाडली गेली, निर्मळसारख्या तीर्थाला झळ बसली. लोकांच्या मनातली ही सल चिमाजी अप्पांच्या मोहिमेमागे होती. मे १७३९ मध्ये, मोठी मनुष्यहानी सोसून, मराठ्यांनी वसई घेतली. चर्चमधल्या घंटा लुटीत आल्या आणि घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ सालची आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियम दिसते. देवळात टांगलेली ती मूर्ती भाविकांनी पुसून टाकली नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

किल्ला ओस का पडला, याचे उत्तर १७३९ मध्ये वसई घेताना झालेल्या तहात सापडते. पोर्तुगीज कुटुंबे आणि परदेशी धर्मगुरू निघून गेले. तटाआतली चर्च त्यांचीच होती, त्यामुळे ती सांभाळायला कोणी उरले नाही. तटाबाहेरचे शेतकरी, बागायतदार, कोळी मात्र कुठे जाणार? ते आपल्या वाडीतच राहिले. म्हणून पापडी, सांडोर, रेमेदी, नंदाखाल, आगाशी, माणिकपूर इथली चर्च जिवंत राहिली. काळानुसार ती दुरुस्त झाली, वाढली, काही नव्याने बांधली गेली. म्हणून जाणकारांना त्यांत ‘अस्सल’ काही कमी दिसते आणि वारसा म्हटले की कॅमेरे किल्ल्याकडे वळतात. मला हे पटत नाही. ज्या चर्चमध्ये मराठीत मिस्सा (ख्रिस्ती उपासनाविधी) होते, ज्याच्या ओसरीवर वसईतली सामवेदी बोली ऐकू येते, तिथे चारशे वर्षांचा धागा तुटलेला नाही. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच मातीतून.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. गावातल्या चर्चचा भार धर्मग्रामातल्या, म्हणजे त्या-त्या चर्चच्या हद्दीतल्या, लोकांवरच आहे. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) झाला, २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका. त्याआधीपासूनच वाड्यांच्या जागी इमारती चढू लागल्या होत्या. चर्चभोवतीची विहीर, क्रूस, कौलारू घर आणि केळीची बाग ही सारी एकाच वस्तीची अंगे आहेत, पण संरक्षणाच्या कागदावर त्यांतले बहुतेक काही येत नाही.

गोन्सालो गार्सियांच्या सणाला किल्ल्यातल्या जेजुइट चर्चच्या पडक्या भिंतींमध्ये वेदी मांडली जाते. गावागावातून माणसे येतात आणि उघड्या आभाळाखाली मिस्सा होते, मराठीत.