कडुनिंब आणि निवडुंग: नागपूरच्या अंगणात कोण, कुठे आणि का

पाणी जपून वापरणारी बाग करायची ठरली की नागपुरात दोन सल्ले हमखास मिळतात: कडुनिंब लावा, नाहीतर निवडुंग लावा. सल्ला देणारे दोहोंना एकाच ओळीत बसवतात, कारण दोघेही उन्हाला दाद देत नाहीत आणि दोघांनाही पाणी कमी लागते, अशी त्यांची खात्री असते. या खात्रीपायी दरवर्षी मे महिन्यात कडुनिंबाची कोवळी रोपे वाळतात, ऑगस्टमध्ये निवडुंग कुजतात आणि खापर नर्सरीवाल्यावर फुटते. खरे तर या दोन वनस्पतींचे दुष्काळाशी झुंजण्याचे मार्ग अगदी उलट आहेत, आणि ते उलटेपण समजून घेतल्याशिवाय दोहोंपैकी काहीही लावण्यात अर्थ नाही.

कडुनिंबाची ओळख नागपूरकरांना नव्याने करून द्यायला नको. फाल्गुनाच्या आसपास जुनी पाने झडतात, चैत्रात तांबूस पालवी फुटते, उन्हाळ्याच्या अखेरीस निंबोळ्या पिकू लागतात. सदाहरित झाड पाने गाळतच नाही असे नाही, ते फार काळ उघडे राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. काटे, पाने आणि उंची यांतला फरक डोळ्यांना दिसतोच, त्यावर शब्द खर्च करत नाही.

घोळ आहे तो या दोघांना पाणी मिळते कुठून, याबद्दलचा. निवडुंग ही भरून ठेवलेली घागर आहे आणि कडुनिंब ही खोदलेली विहीर. निवडुंगाची मुळे जमिनीत खोल जात नाहीत. ती पृष्ठभागालगत दूरवर पसरतात, पावसाची एखादी सर पडली की मिळेल तेवढे पाणी भराभर शोषून घेतात आणि ते जाड, मांसल खोडात साठवतात. पुढचे कित्येक आठवडे वनस्पती त्या साठ्यावर जगते आणि तेवढ्या काळात मुळांभोवतीची माती पूर्ण कोरडी व्हावी, अशीच तिची अपेक्षा असते. कडुनिंब असा साठा करत नाही. त्याचे सोटमूळ खाली उतरत जाते आणि वरची माती तापून भेगाळली तरी खालच्या थरातला ओलावा वर खेचते. म्हणजे कडुनिंब दुष्काळ सोसतो तो मुळे खोल पोहोचल्यावर, आणि पोहोचेपर्यंत तो इतर कोणत्याही रोपाइतकाच तहानलेला असतो.

यातून दोघांचे धोक्याचे महिने वेगळे ठरतात. निवडुंग कुळातल्या जवळजवळ सर्व जाती मूळच्या अमेरिका खंडांतल्या आहेत, आणि आपण कुंडीत हौसेने ठेवतो त्यांतल्या बऱ्याचशा तिथल्या कोरड्या, खडकाळ प्रदेशांतल्या. उंच सग्वारो निवडुंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या ॲरिझोनातील टूसॉन शहरात वर्षभरात साधारण ३०० मिलिमीटर पाऊस पडतो; नागपूरच्या एकट्या जुलैची सरासरी त्याहून जास्त आहे, आणि वर्षाची सरासरी ११०० मिलिमीटरच्या आसपास जाते. त्यातच आपली काळी माती. पावसात ती फुगते, तिच्यातली हवेची पोकळी बुजते आणि पाणी दिवसेंदिवस तसेच धरून ठेवले जाते. अशा मातीत निवडुंगाच्या उथळ मुळांचा श्वास कोंडतो, बुरशी शिरते आणि कूज खोडात चढते. वरून झाड हिरवेगार दिसत असते. बुंध्याशी बोटाने हलकेच दाबून पाहावे: निरोगी निवडुंग कच्च्या पपईसारखा घट्ट लागतो, कुजत असलेला आत दबतो. तो कापला तर मधला गाभा तपकिरी किंवा नारिंगी झालेला आढळतो. वरचा भाग स्वच्छ हिरवा लागेपर्यंत कापून, काप आठ-दहा दिवस सावलीत सुकवून पुन्हा लावल्यास वनस्पती वाचू शकते, पण गाभ्यातली कूज टोकापर्यंत गेली असेल तर तो टाकूनच द्यावा लागतो.

उन्हाळ्याबद्दलचा समज तर याहूनही चुकीचा आहे. निवडुंग वाळवंटी असल्यामुळे त्याला नागपूरचा मे आवडेल, असे गृहीत धरले जाते. बहुतेक झाडे दिवसा रंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. निवडुंग बाष्प वाचवण्यासाठी हे काम रात्री करतो आणि त्यासाठी त्याला थंड रात्र लागते. वाळवंटात सूर्य मावळला की पारा झपाट्याने उतरतो. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ अतितप्त दिवसांत, मध्यरात्रीही अंगावर झळ येते आणि किमान तापमान अनेकदा ३० अंशांच्या घरात असते. अशा रात्री बऱ्याच जातींचे काम जवळजवळ थांबते, वाढ खुंटते, आणि त्या काळात ‘बिचाऱ्याला फार ऊन लागते’ म्हणून घातलेले पाणी तापलेल्या कुंडीत मुळे शिजवण्याचे काम करते. पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या गोल निवडुंगाच्या एका अंगावर पांढरट-पिवळा डाग पडतो. तो डाग उन्हाने भाजल्याचा असतो आणि पुढे कधीच हिरवा होत नाही. एप्रिलपासून हिरव्या जाळीची सावली द्यावी आणि कुंडी कूलरच्या ओल्या झोतापासून दूर ठेवावी.

कडुनिंबाचे गणित नेमके याच्या विरुद्ध. पावसाळा त्याला मानवतो, फक्त पाणी तुंबता कामा नये. त्याची परीक्षा असते ती लावल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत, आणि ‘हे तर दुष्काळी झाड’ या समजुतीने नेमके तेव्हाच पाणी तोडले जाते. रोज मगभर पाणी बुंध्याशी ओतणे हाही उपाय नाही, कारण त्याने वरचे दोन-चार इंचच भिजतात आणि मुळे त्याच थरात रेंगाळतात. फांद्यांच्या घेराखाली आळे करावे आणि आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस लिटर पाणी सावकाश मुरू द्यावे, म्हणजे मुळांना खाली जाण्याचे कारण मिळते. जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर लावलेले रोप हिवाळ्यात लावलेल्या रोपापेक्षा कितीतरी सक्षम निघते.

रोपाबाबत माझा आग्रह ठाम आहे: शक्य असेल तर निंबोळी जागेवरच पेरावी. नर्सरीत दोन वर्षे काळ्या पिशवीत राहिलेल्या उंच रोपाचे सोटमूळ तळाशी गुंडाळलेले असते. दिसायला ते भारदस्त वाटते, पण ज्या मुळाच्या भरवशावर झाड दुष्काळ सोसणार, तेच मूळ बिघडलेले असते. निंबोळीची उगवणशक्ती थोड्याच आठवड्यांत कमी होते, म्हणून ताजी पिकलेली, गर काढलेली बी लगेच मातीत जायला हवी. रोपच आणायचे असेल तर वीतभर उंचीचे आणावे.

निवडुंग समजून विकली जाणारी दुसरी वनस्पती म्हणजे त्रिधारी निवडुंग. तोडल्यावर पांढरा चीक निघाला आणि काटे जोडीजोडीने आले, तर तो खऱ्या निवडुंगाच्या कुळातला नाही. खऱ्या निवडुंगाचे काटे कापसासारख्या बारीक उशीतून झुबक्याने निघतात. हा फरक लोक समजतात तेवढा क्षुल्लक नाही, कारण हे देशी चिकाळ निवडुंग आपला पावसाळा सहज सोसतात. जमिनीतच काटेरी आकार हवा असेल, तर मी विदेशी निवडुंगाऐवजी तेच लावण्याचा सल्ला देईन. मात्र त्यांचा चीक डोळ्यांना घातक आहे, म्हणून लहान मुले खेळतात तिथे नको. फड्या निवडुंगही आपल्याकडे टिकतो, पण तो बांधावर, निचऱ्याच्या उतारावर. शिवाय तो आवरत नाही. निवडुंगावर रंग मारून किंवा कागदी फुले चिकटवून विकण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती मला असह्य होते: रंगाखाली वनस्पतीला उजेड मिळत नाही आणि ती काही महिन्यांत संपते.

तेव्हा घर थंड ठेवायचे असेल, तर निवडुंगाचा विचारच करू नये. त्याची सावली नगण्य असते, दिवसा तो बाष्प सोडत नाही आणि त्याच्याभोवती अंथरलेले पांढरे खडे ऊन भिंतीवर परतवतात. तिथे पश्चिमेला, घरापासून किमान पंधरा फुटांवर कडुनिंब हवा; प्लॉट लहान असेल तर बकुळ, जी हळू वाढते पण बारमाही दाट सावली देते. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंट आणणे थांबवावे, भोवती निदान चार फूट उघडी माती सोडावी. मुळांपर्यंत पाऊसच पोहोचला नाही, तर त्यांनी खोल जाऊन काय शोधायचे?

निवडुंगाची जागा पूर्वेच्या व्हरांड्यात, छताखाली आहे. कुंडीला मोठे भोक असावे, खाली बशी नसावी आणि निम्म्याहून अधिक मिश्रण कन्हान नदीची जाड वाळू, मुरूम व विटांचे तुकडे यांचे असावे. जून ते सप्टेंबर त्याला पाणी जवळपास नकोच. आणि दोन्ही लावायचे असतील, तर निवडुंगाची कुंडी कडुनिंबाखाली ठेवू नये. पानगळीत बारीक पाने काट्यांमध्ये अडकतात, पहिल्या पावसात भिजून बुंध्याशी चिकटतात आणि कूज तिथूनच सुरू होते.