लघु तलावांचे मातीचे बांध : सुरक्षिततेच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

गावच्या तलावाचा बांध कोणी सांभाळायचा, हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागातले मालगुजारी तलाव ज्या मालगुजारांनी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, बांधले तेच त्यांची पाळ (बांध) दुरुस्त करत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवर दरवर्षी माती टाकणारे हात सुटले. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि छोटे तलाव त्यांच्याकडे गेले. आजचा गुंता मात्र त्यानंतरच्या दोन दशकांत तयार झाला.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले. विमोचकाचे, म्हणजे भरावाखालून पाणी कालव्यात सोडणाऱ्या नळाचे आणि दरवाजाचे, काम अपुरे असताना धरणात पाणी साठले आणि विमोचकाच्या नळावरचा भराव खचत गेला. हा धडा राज्याने गांभीर्याने घेतला, पण मोठ्या धरणांपुरता. संकल्पचित्रे, प्रयोगशाळा, गुणनियंत्रण सारे तिकडे गेले. नाल्यावर दहा-बारा मीटरचा बांध घालताना तीच काळजी घ्यावी लागते, कारण माती आणि पाणी दोन्ही तेच असतात, ही गोष्ट मागे पडली.

मग १९७२ चा दुष्काळ आला. लाखो हातांना काम हवे होते आणि मातीकामाइतके हात दुसरे कुठले काम घेत नाही. पाझर तलाव, गावतलाव, लघु पाटबंधारे तलाव शेकड्यांनी सुरू झाले आणि रोजगार हमीतून पुढेही होत राहिले. या कामांनी माणसे जगवली, विहिरींना पाणी आणले. त्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. पण हे बांध कसे घातले गेले हे कळल्याशिवाय आज ते कुठे गळतात हे कळणार नाही.

मातीच्या बांधाचा गाभा काळ्या चिकण मातीचा, ज्याला साइटवर हार्टिंग म्हणतात. दोन्ही अंगांना मुरमाचे केसिंग. खाली मांजऱ्या (मऊ खडक) किंवा पक्का खडक लागेपर्यंत खोदलेला चर, काळ्या मातीने भरलेला. पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, पाठीमागच्या पायथ्याशी वाळू-खडीचा गाळक थर आणि दगडांचा रॉक टो. माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरात पसरायची, नेमकी ओल द्यायची आणि रोलर फिरवायचा. ओल कमी पडली तर ढेकळे फुटत नाहीत, जास्त झाली तर माती रोलरखाली रबरासारखी हलते. दुष्काळी कामावर प्यायलाच पाणी नव्हते, तिथे भरावावर टँकर कुठून येणार? माती पाट्यांनी आणि गाढवांवरून आली, दाबायला बैलांनी ओढायचा दगडी रूळ. कोरड्या ढेकळांमधल्या पोकळ्या तशाच गाडल्या गेल्या. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत अशी माती भिजून बसते आणि बांधाचा माथा ठिकठिकाणी खाली येतो.

सर्वांत नाजूक काम घळभरणीचे. दोन्ही काठांकडचा भराव आधी होतो, नाल्याचे पात्र पाणी जायला मोकळे ठेवतात आणि शेवटच्या उन्हाळ्यात ते भरून काढतात. म्हणजे बांध जिथे सर्वांत उंच, तिथलीच माती सर्वांत घाईने, पाऊस तोंडावर असताना पडते. जुन्या भरावाची कड उन्हाने वाळून तडकलेली असते. ती खरवडून, उतार देऊन, पायऱ्या कापून, ओली करून मग नवी माती जोडायची असते. हे झाले नाही तर जुन्या-नव्याच्या सांध्यात पाण्याला आयती वाट मिळते. शिवाय घळीतला उंच भराव जास्त खचतो, माथा तिथेच बसतो आणि पूर आला की पाणी पहिल्यांदा तिथूनच उलटते. त्यामुळे माथ्याची पातळी तपासताना आधी घळभरणीच्या जागेवर दुर्बीण लावावी.

दुसरी दुखरी जागा विमोचक. भरावाखालून गेलेल्या ह्यूम पाईपचा एक सांधा उघडला की त्यातून माती कणाकणाने वाहून जाते आणि एक दिवस पाईपच्या बरोबर वर, बांधाच्या उतारावर खड्डा पडलेला दिसतो. तो वरून मुरूम टाकून बुजवला तर बुजतो, पण आतली पोकळी तशीच राहते.

११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मोरबीजवळचे मच्छू-२ फुटले. जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी मोठा पूर आला आणि मातीच्या बाजूंवरून पाणी गेले. त्या सुमारास देशात धरण सुरक्षेची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली, महाराष्ट्रातही. मान्सूनपूर्व आणि मान्सूनोत्तर तपासणीचे नमुने ठरले. तपासणीसाठी धरणांची यादी करावी लागली आणि यादी करायची तर कुठले धरण मोठे, हे ठरवावे लागले. आजचा बहुतेक गोंधळ इथून निघतो.

आपल्याकडे धरण मोजायच्या तीन पट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. पहिली सिंचनाची : लाभक्षेत्र २,००० हेक्टरपर्यंत असेल तर लघु प्रकल्प, १०,००० पर्यंत मध्यम, पुढे मोठा. दुसरी सांडव्याच्या संकल्पनाची, १९८५ च्या भारतीय मानकातली : साठा ०.५ ते १० दशलक्ष घनमीटर आणि पाण्याची उंची ७.५ ते १२ मीटर असेल तर लहान, १२ ते ३० मीटर असेल तर मध्यम. दोन्ही निकषांतला जो वरचा वर्ग येईल तो धरायचा. तिसरी सुरक्षेची : पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत १५ मीटरहून उंच ते मोठे धरण. १० ते १५ मीटरमधलेही मोठेच, जर साठा १ दशलक्ष घनमीटर किंवा लांबी ५०० मीटर असेल, किंवा पूरविसर्ग, पाया, रचना यांचे काही विशेष असेल.

एक साधा बांध घ्या. उंची १६ मीटर, पाण्याची उंची १३ मीटर, साठा १.५ दशलक्ष घनमीटर, सिंचन २०० हेक्टर. सिंचनाच्या कागदावर तो लघु, सांडव्याच्या मानकात मध्यम आणि सुरक्षेच्या व्याख्येत मोठे धरण. कार्यालयात त्याची फाईल ‘लघु’ या नावाने फिरते आणि माणसे, निधी, वाहन, चौकीदार सारे त्या नावाप्रमाणे मिळते. त्यात उंचीचाही घोळ असतो. गावात आणि जुन्या अंदाजपत्रकांत ती नाल्याच्या तळापासून धरलेली असते, व्याख्येत पायापासून. कागदावरचा १४ मीटरचा बांध नीट मोजला तर १५ च्या पुढे जाऊ शकतो.

‘लहान’ ठरण्याची किंमत सांडव्यात मोजावी लागते. लहान धरणाचा सांडवा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराला बेततात. ऐकायला हे भक्कम वाटते, पण दरवर्षी १ टक्का शक्यता म्हणजे ५० वर्षांत तो पूर येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. आणि सांडवा तो पूर पेलणार तोही मोकळा असेल तरच! अनेक तलावांवर मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळी बांधतात, पाणी वाढावे म्हणून वाळूची पोती रचतात, सांडव्याचे पाणी नाल्याला नेणाऱ्या पुच्छ कालव्यात कोणी पेरणी करते. सांडव्याच्या माथ्यावर अर्धा मीटर पोती रचली की मुक्तांतर, म्हणजे पाण्याच्या पातळीपासून बांधाच्या माथ्यापर्यंतची मोकळी उंची, तेवढेच घटते, आणि मुक्तांतर असते मुळात दीड-दोन मीटरचे.

या तीनही पट्ट्यांत धरणाचा वर्ग एका गोष्टीवर ठरत नाही : बांधाखाली घरे किती. व्याख्या ठरवताना हे बाहेर राहिले, आणि आमच्या मते ती चूक होती.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे फुटले. जेमतेम दोन दशकांचे मातीचे धरण. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या आणि काही डागडुजीही झाली होती. नंतर जबाबदार पदावरून खेकड्यांचे कारण सांगितले गेले आणि चर्चा तिथेच अडकली. खेकडे, उंदीर, घोरपडी बांधात बिळे करतात, त्याने पाण्याची वाट आखूड होते, हे खरे आहे. पण बिळे एका रात्रीत होत नाहीत. झुडपे काढलेल्या उतारावर ती उघड दिसतात आणि मागचा गाळक थर शाबूत असेल तर झिरपणारे पाणी माती घेऊन जात नाही. म्हणून विचारायचे ते हे, की गळणारे पाणी गढूळ कधीपासून होते आणि त्याची नोंद कोणाच्या वहीत होती.

दरम्यान २०१७ मध्ये ६०० हेक्टरपर्यंतच्या योजना मृद व जलसंधारण विभागाकडे आल्या. त्याआधी १०० हेक्टरपर्यंत जिल्हा परिषद, २५० पर्यंत राज्याचा ‘स्थानिक स्तर’ लघुसिंचन विभाग, पुढे पाटबंधारे अशी वाटणी होती. अशा हस्तांतरणात तलाव जातो, पण नकाशे, घळभरणीच्या नोंदी, पायाचे छेद बरोबर जातातच असे नाही. त्याच वर्षी गाळ काढण्याची मोहीमही सुरू झाली. गाळ जरूर काढावा, पण बांधाच्या पाण्याकडच्या पायथ्यापासून लांब राहून. तिथला गाळ हाच कित्येक जुन्या बांधांचा न झिरपणारा थर असतो. तो खरवडला की दुसऱ्याच पावसाळ्यात मागे ओल वाढते.

३० डिसेंबर २०२१ पासून धरण सुरक्षा कायदा लागू झाला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, आणि पाच वर्षांत आपत्कालीन कृती आराखडा ही मालकाची जबाबदारी झाली. हे पाऊल मोठे आहे. पण कायदा तिसऱ्या पट्टीनेच मोजतो. १३ मीटरचा, ०.९ दशलक्ष घनमीटरचा बांध, ज्याखाली वस्ती आहे, एरवी काही विशेष नसेल तर त्यातून सुटतो.

अशा बांधांवर नजर गावाचीच असते. मागच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी झिरपणे स्वाभाविक आहे. ते बाटलीत भरून ठेवावे आणि तळाशी माती बसली तर त्याच दिवशी कळवावे. गळतीचे तोंड मागून चिकण मातीने लिंपू नये, दाब आत वाढतो आणि पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग जाड खडी, वर दगड असा थर घालावा, म्हणजे पाणी जाते आणि माती राहते. वाळू टिकत नसेल इतका जोर असेल तर आधी जाड खडीने तो मोडावा. पाण्याच्या बाजूला भोवरा दिसत असेल तर तिथे मात्र मातीची पोती सोडावीत. विमोचक उघडून पातळी उतरवायची, पण तो कालव्यापुरता असल्याने दिवस लागतात. मग सायफन, पंप, नाहीतर काठाच्या पक्क्या जमिनीतून चर. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या कारम धरणावर ऑगस्ट २०२२ मध्ये असाच बाजूने चर काढून पाणी उतरवले, आणि त्याआधी खालची गावे रिकामी केली.