फुलझडी ‘लहान मुलांची’ नाही

दसऱ्याला नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर रावणदहनाची आतषबाजी पाहून घरी परतताना दरवर्षी ऐकू येतं, ‘एवढे मोठे फटाके धोक्याचे, घरची फुलझडी बिनधास्त.’ हा समज चुकीचा आहे. मैदानावर दारू पेटवणारी माणसं ठरलेली असतात, गर्दी दोरापलीकडे. घरी हे अंतर उरतं फक्त मुलाच्या हाताएवढं. आणि जळती फुलझडी १००० अंश सेल्सिअसच्या वर तापते. पाणी १०० अंशांना उकळतं! विझल्यावरही तार तापलेलीच असते. अनवाणी पाय तिच्यावरच पडतो. म्हणून अंगणात पाण्याची बादली ठेवा, विझलेली तार लगेच तिच्यात टाका. भाजलंच तर टूथपेस्टही नको, हळदही नको. २० मिनिटं नळाखाली धरा, मग दवाखाना.