फीचर (वृत्तलेख)

वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापला जाणारा, प्रत्यक्ष जाऊन गोळा केलेल्या माहितीवर उभा असलेला आणि गोष्टीच्या अंगाने सांगितलेला लेख. मराठीत त्याला वृत्तलेख, वृत्तकथा, कधी रिपोर्ताज म्हणतात. संपादकीय विभागात मात्र ‘फीचर’ किंवा नुसती ‘स्टोरी’ हेच शब्द चालतात. बातमी उलट्या पिरॅमिडसारखी रचतात. महत्त्वाचे सगळे वर, म्हणजे रात्री उशिरा जाहिरात आली आणि उपसंपादकाने खालचे दोन परिच्छेद उडवले तरी बिघडत नाही. फीचर असे खालून कापता येत नाही, कारण त्याचा शेवट सुरुवातीइतकाच ठरवून लिहिलेला असतो. ललित लेखाशीही त्याची गल्लत होते. पण फीचरमध्ये पावसाची सर लिहायची तर त्या दिवशी, त्या गावात पाऊस पडलेला असावा लागतो.

मराठीत या लेखनाला जागा मिळाली ती रविवारच्या पुरवण्यांत, साप्ताहिकांत आणि दिवाळी अंकांत. रोजच्या पानांवर दीड हजार शब्द सहसा कोणी देत नाही. श्री. ग. माजगावकरांनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या ‘माणूस’ या नियतकालिकाचा यात मोठा वाटा आहे. अनिल अवचट बिहारच्या दुष्काळी भागात जाऊन आले, त्यातून ‘पूर्णिया’ (१९६९) हे पुस्तक झाले. पुढे त्यांनी हमाल, विडी कामगार, यंत्रमाग कामगार यांच्यावर लिहिले. छोटी वाक्ये, बोलीतले संवाद आणि शेजारी बसून ऐकणारा लेखक ही त्यांची रीत नंतरच्या अनेकांनी उचलली. काहींनी फक्त छोटी वाक्ये उचलली, ही गोष्ट वेगळी. २०१४ पासून पी. साईनाथ यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ग्रामीण भारतावरची फीचर्स मराठीतही वाचता येतात. अमेरिकेत पुलित्झर पुरस्कारांत फीचर लेखनाचा स्वतंत्र विभाग १९७९ मध्ये आला.

नवख्या बातमीदाराची पहिली अडचण विषयाची नसते, कोनाची असते. ‘कांदा’ हा विषय झाला. ‘लासलगावच्या बाजार समितीत ट्रॉली रिकामी करून परत निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात किती पैसे उरतात’ हे फीचर झाले. त्यासाठी लिलावाला उभे राहावे लागते, हिशोबपट्टी बघावी लागते, हमाली आणि तोलाई कोण कापते ते विचारावे लागते. वहीत जेवढे उतरते त्यातले फार तर चौथा हिस्सा लेखात येते. उरलेले वाया जात नाही. कोणते वाक्य ठामपणे लिहायचे हे त्यामुळेच कळते.

पहिल्या खर्ड्यात हमखास येणारे एक वाक्य घ्या: ‘शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर चिंतेचे जाळे पसरले होते.’ हे वाक्य जागेवर न जाताही लिहिता येते, आणि तोच त्याचा दोष. वही पुन्हा उघडली तर कदाचित सापडते: ‘लिलावाचा घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकला, तरी तो हातातली चिठ्ठी उलटीसुलटी करत तिथेच उभा होता.’ दुसऱ्यात चिंता हा शब्द नाही. वहीत असे काही सापडलेच नाही, तर वाक्य सुधारायचे नसते. पुन्हा लासलगावला जायचे असते.

सुरुवातीच्या प्रसंगानंतर तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात, हे सगळे आत्ता का सांगितले जात आहे ते एकदा सांगून टाकावे लागते. इंग्रजी पत्रकार त्याला ‘नट ग्राफ’ म्हणतात. मराठी फीचर बहुतेकदा इथेच घसरते: एक तर हा परिच्छेद नसतोच, किंवा तो सरकारी टिपणीच्या भाषेत येतो आणि आधीचा माणूस लेखातून गायब होतो.

पुनर्लेखनाचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकन पत्रकार जॉन हर्सी यांच्या ‘हिरोशिमा’चे. अणुबॉम्बमधून वाचलेल्या सहा जणांची ही हकीकत सुमारे ३१,००० शब्दांची होती. ती क्रमशः छापायचे ठरले होते. ‘न्यूयॉर्कर’ या अमेरिकन साप्ताहिकाचे संपादक हॅरल्ड रॉस आणि विल्यम शॉन यांनी तो बेत बदलून ३१ ऑगस्ट १९४६ चा अख्खा अंक तिला दिला. छापण्याआधी रॉस यांनी समासात शंकांचा ढीग लावला. हर्सींनी सायकलींना ‘एका बाजूला कललेल्या’ अशा अर्थाचे विशेषण लावले होते. सायकल जवळजवळ सपाट वस्तू, ती अशी कशी होईल, असे रॉस यांनी विचारले, आणि शब्द बदलून ‘चुरगळलेल्या’ असा झाला. इतका मोठा संहार समोर असताना सायकलीवर अडून बसणे हास्यास्पद वाटेल. पण त्या लेखावर वाचकाचा विश्वास बसतो तो अशाच ठिकाणी.

आपल्याकडे डेस्कवरचे काम कमी वेळात उरकावे लागते. क्विंटलचा भाव आणि ट्रॉलीतले वजन यांचा गुणाकार जुळतो का, गावाचा तालुका बरोबर आहे का, हे फोन करून पाहिले जाते. खरा वाद होतो तो बोलीवर. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्याचे म्हणणे प्रमाण मराठीत लिहिले तर माणूस पुसट होतो; जसेच्या तसे उतरवले तर बोली विनोदासाठी वापरल्यासारखी वाटते. बरेच लेखक एखाद-दुसरे वाक्य बोलीत ठेवून बाकी निवेदनात घेतात. अवतरणचिन्हांतले शब्द मात्र सांगणाऱ्याचेच हवेत. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्यानेच मनाई आहे. तिथे नाव बदलून भागत नाही, गाव, शाळा, नाते असे माग लागेल ते सारे काढावे लागते.

मथळा बहुधा लेखकाचा नसतो. तो पान लावताना, कॉलमच्या मापात बसेल असा उपसंपादक देतो, आणि चार महिने फिरून लिहिलेल्या लेखावर ‘कांद्याने केला वांदा’ असे छापून आलेले लेखकाला रविवारी सकाळी चहा पिताना कळते.